पाचशे बैल, आगगाडी आणि सरकीचा हिशेब

मी मालवाहतुकीतून होणाऱ्या कर्ब उत्सर्जनावर पीएचडी करते, असं सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, म्हणजे नक्की काय? दुसरा, मग ट्रकऐवजी सगळं रेल्वेनं पाठवा ना, त्यात संशोधन कसलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी नेहमी अडखळते, कारण ते उत्तर आजच्या आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं. नागपूरकरांसाठी ते तसं सोपं आहे, आपलं अर्धं शहर मालवाहतुकीवरच उभं राहिलंय.

सुरुवात बैलांपासून करू. 1825-26 च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस पाठवला. एकूण 1,20,000 पौंड, आणि तो न्यायला 500 बैल. भागाकार करून बघा. एका बैलाच्या पाठीवर 240 पौंड, म्हणजे साधारण 109 किलो. आज हाच माल दोन-तीन ट्रकांत जातो. त्याआधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बराचसा उत्तरेला मिर्झापूरकडे जायचा, तोही बैलांच्या पाठीवरूनच, आणि तिथून गंगेतल्या नावांनी कलकत्त्याकडे. लदलेला बैल दिवसाला फार तर सहा-आठ मैल चालतो. पाचशे मैल गाठायला दोन-तीन महिने लागणारच. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजला.

आता यात 'इंधन' कोणतं? वाटेवरचं गवत. लमाणांचे तांडे गायरानांवर बैल चारत चारत पुढे जायचे. खर्च जवळजवळ शून्य, पण त्यासाठी मैलोगणती मोकळी कुरणं लागायची. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे तांडे परतताना मीठ घेऊन यायचे. जाताना कापूस किंवा धान्य, येताना मीठ. आमच्याकडे नंदनवनात शेजारी एक काका राहतात, त्यांनी बरीच वर्षं ट्रक चालवला. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "बेटा, हेच तं गणित आहे. रिकामी गाडी वापस आणली तं डिझेलचे पैसे कोण देते?" परतीचा माल हा विषय आमच्या शोधनिबंधांत मोठमोठ्या समीकरणांनी मांडतात. लमाणांनी तो मिठाच्या गोणीत सोडवला होता.

1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळलं. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात पोचली. मार्च 1870 मध्ये तर व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. कशासाठी? जलंब ते खामगाव या जेमतेम आठ मैलांच्या फाट्याच्या उद्घाटनाला! आठ मैलांसाठी व्हॉइसरॉय येतो, यावरून कापसाची किंमत समजून घ्या.

वाहतूक स्वस्त झाली ती नुसत्या रुळांनी नाही, हे मात्र सहसा सुटून जातं. सुटा कापूस म्हणजे निम्मी हवाच. वॅगन वजनाने भरायच्या आधी जागेनेच भरते. म्हणून वाफेवरचे प्रेस आले आणि गाठी घट्ट बांधल्या जाऊ लागल्या. तेवढ्याच वॅगनीत, तेवढ्याच जहाजात जास्त कापूस. पैसे वाचले आणि कोळसाही वाचला. खर्च आणि प्रदूषण दोन्ही एकाच वेळी कमी होण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

पण प्रेसच्या शेजारी जिनही आले, आणि इथे हिशेब फिरला. शेतातून निघालेल्या कापसात ढोबळमानाने एक तृतीयांश रुई असते, उरलेली सरकी. पूर्वी घरोघरी बाया हाताच्या चरखीवर सरकी काढायच्या आणि गावाबाहेर जायची ती फक्त रुई. सरकी गावात राहायची, बैलांच्या पोटात जायची. वाफेचे जिन स्टेशनजवळच्या गावांत उभे राहिले, तसा शेतकरी सरकीसकट सगळा कापूस बंडीत भरून तिकडे नेऊ लागला. म्हणजे तेवढ्याच रुईसाठी बंडीवर तिप्पट ओझं! रेल्वेच्या खात्यात ही वाहतूक कुठे दिसतच नाही. बायांची मजुरी गेली, तीही नाही दिसत. पुढे सरकीची ढेप गावात परत आली, पण विकत.

जेव्हॉन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये कोळशावर पुस्तक लिहिलं. यंत्र काटकसरी झालं की कोळसा कमी नाही, जास्तच लागतो, असं त्याचं म्हणणं, कारण स्वस्त झालेली गोष्ट आपण जास्त वापरतो. वऱ्हाडात नेमकं हेच झालं. वाहतूक स्वस्त, म्हणून कापूस वाढला, ज्वारीची आणि कुरणांची जमीन त्याखाली गेली. स्लीपरसाठी जंगलातलं लाकूड गेलं. लमाणांचा धंदा तर एका पिढीत बसला. 1899-1900 च्या दुष्काळात कापसाने समृद्ध म्हणवणाऱ्या वऱ्हाडात माणसं उपाशी मेली. रेल्वे नसती तर दुष्काळ पडला नसता, असं मी म्हणत नाही. पण 'टनामागे इतकं इंधन वाचलं' एवढ्यावर थांबणारा हिशेब मला तेव्हापासून पटेनासा झालाय.

याच काळात एका माणसाने प्रश्न उलटा विचारला. कापूस स्वस्तात लांब कसा न्यावा, हे सोडून तो न्यावाच का? जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथेच पिकतो आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून गिरणी बांधायला घेतली. एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस सोनं जमिनीत पुरतोय म्हणून. पुढे त्यानेच कबूल केलं की टाटांनी माती टाकून सोनं काढलं, अशी आख्यायिका आहे. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. शेतापासून सुतापर्यंतचा रस्ता शेकडो मैलांनी कमी झाला. माझ्या मते नागपूरच्या मालवाहतुकीच्या इतिहासातला सर्वात 'हिरवा' निर्णय हाच. घेतला होता मात्र निव्वळ नफ्यासाठी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण ट्रकच्या टायरपेक्षा कितीतरी कमी असतं, आणि आता गाड्या विजेवर धावतात. टनामागे रेल्वे सरसच आहे, वाद नाही. तरी स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा, तो आज तीस टक्क्यांच्या आसपास आलाय. कारण ट्रक दारात येतो. रेल्वेला दोन्ही टोकांना दुसरी गाडी लागते, दोनदा हमाली लागते आणि भरपूर माल एकदम लागतो. 2017 च्या जीएसटीनंतर राज्याराज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज संपली. देशाच्या मध्यावर म्हणून नागपूरभोवती मोठी गोदामं वाढली. माल एका जागी साठला की रेल्वेला सोपं जायला हवं. मी सध्या तेच तपासतेय, पण या गोदामांतून शेवटच्या दुकानापर्यंतचे किलोमीटर वाढलेत, तेही धरावे लागतात. सरकीसारखे.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. विदर्भातल्या जिनमध्ये बांधलेल्या 170 किलोच्या गाठी आता ट्रकवर चढतात आणि हजार-बाराशे किलोमीटरवर तामिळनाडूतल्या सूतगिरण्यांकडे जातात.