महाराष्ट्र ओपन : एका फिरत्या स्पर्धेचा इतिहास

व्यावसायिक टेनिसचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीतून सांगितला जातो. परंतु स्पर्धा कोणत्या गावी, कोणत्या ऋतूत, छपराखाली की उघड्या आकाशाखाली भरते, यावरूनही तो वाचता येतो. पुरुषांच्या बंदिस्त प्रेक्षागृहातील स्पर्धा हे प्रामुख्याने युरोपीय थंडीचे अपत्य. वर्षाच्या अखेरीस पॅरिसची स्पर्धा छपराखाली भरते ती त्यामुळेच. आपल्याकडे जानेवारीतील कोरडी, सौम्य हवा हेच भांडवल. शिवाय ऑस्ट्रेलियन ओपनकडे निघालेल्या खेळाडूंना भारत हा सोयीचा मुक्काम होता.

हा मुक्काम मात्र स्थिर राहिला नाही. १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली, तेथे २०१७ पर्यंत राहिली आणि २०१८ मध्ये 'महाराष्ट्र ओपन' या नावाने पुण्याच्या बालेवाडीत आली. २०१९ चा अंतिम सामना तिचा उच्चबिंदू म्हणावा लागेल. केव्हिन अँडरसनने इव्हो कार्लोविचला हरवले, तेव्हा तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले होते. कार्लोविच त्या वेळी ३९ वर्षांचा होता. १९७७ मधील केन रोझवॉलनंतर एवढ्या वयाचा खेळाडू या मालिकेच्या अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. २०२१ मध्ये महासाथीमुळे खंड पडला. २०२२ मध्ये रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी दुहेरी जिंकली. जानेवारी २०२३ मध्ये टॅलन ग्रीक्सपोर विजेता ठरला आणि पाचव्या पर्वानंतर ही स्पर्धा पुण्यातून उठली. पुढच्या वर्षी जानेवारीतला तो आठवडा हाँगकाँगच्या वाट्याला गेला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरावी. मराठी साहित्य संमेलनही गावोगाव फिरते. पुण्यातली ही शेवटची स्पर्धा संपल्यावर महिन्याभरातच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, शहाण्णवावे संमेलन वर्ध्याला भरले. परंतु संमेलन कोठेही गेले तरी मराठीच्या बाहेर जात नाही. गावाने निमंत्रण द्यायचे आणि त्याने जायचे. टेनिस स्पर्धेचा मुक्काम ठरतो तो आयोजनाचे हक्क, प्रायोजक आणि जागतिक वेळापत्रक यांच्या गणितावर. त्या गणितात 'महाराष्ट्र' हे केवळ शीर्षक असते. नागपूर जिल्ह्यातील कुहीपासून बालेवाडी सातशे किलोमीटरहून अधिक दूर. स्पर्धेच्या नावातला महाराष्ट्र तिथवर कितपत पोहोचला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तरीही सारे निसटले असे नव्हे. बालेवाडीची मैदाने राहिली आणि २०२४ मध्ये तेथेच एक पायरी खालची चॅलेंजर स्पर्धा भरली. मोठी नावे तिच्याकडे फिरकत नाहीत. पण क्रमवारीत खाली असलेल्या भारतीय खेळाडूला गुण मिळवण्यासाठी परदेशी जाण्याचा खर्च अशा स्पर्धेमुळेच वाचतो. महाराष्ट्रातील टेनिसचा इतिहास लिहिताना पाच विजेत्यांच्या नावांइतकीच याचीही नोंद घ्यावी लागेल.