जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स कोणते?

मंडळी, विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ते नसलेले पण धडधाकट लॅपटॉप आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. ते फेकू नका.

अशा यंत्रासाठी आम्ही आधी लिनक्स मिंट सुचवतो. मांडणी विंडोजसारखी, त्यामुळे भारतातून राहायला आलेल्या आईबाबांनाही पटकन जमते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळतील. रॅम ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या. हार्डवेअर अगदी नवे असेल तर फेडोरा बरे. पण त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सपोर्ट जेमतेम १३ महिने. उठाठेवीची हौस असेल तरच! ३२-बिट यंत्रांचे दिवस मात्र भरले: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्यांचा इन्स्टॉलर बंद केला.

आधी फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. मग काहीही इन्स्टॉल न करता, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून वायफाय, कॅमेरा आणि आवाज तपासा. आजीशी व्हिडिओवर बोलता आले नाही तर बाकी सगळे काय कामाचे? मराठीसाठी आयबस आणि एम१७एन घाला. इन्स्क्रिप्ट व फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात.