कार्ताहेना : लष्करी व नाविक इतिहास

कार्ताहेना (पूर्ण नाव कार्ताहेना दे इंदियास). कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील बंदर व त्या देशाच्या नौदलाचे महत्त्वाचे ठाणे. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये ते वसवले. पेरूची चांदी नेणारे स्पॅनिश ताफे येथे थांबत आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा मोठा बाजारही येथेच भरे. साहजिकच चाचे आणि स्पेनचे शत्रू या दोघांचाही त्यावर डोळा असे.

येथल्या बहुतेक लढायांचे मर्म उपसागराच्या रचनेत आहे. शहर समुद्राला लागून असले तरी समोरचा किनारा उथळ आहे. मोठी जहाजे आणायची तर दक्षिणेकडच्या उपसागरातूनच यावे लागते. त्याच्या तोंडाशी तिएर्राबोंबा बेट आहे. बेटाच्या उत्तरेची वाट बोकाग्रांदे रुंद, तर दक्षिणेची बोकाचिका अरुंद. फेब्रुवारी १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक रुंद वाटेने आत शिरला. त्याने शहर घेतले आणि १,०७,००० डुकाट खंडणी उकळूनच ते सोडले. त्यानंतर इटालियन अभियंता बाउतिस्ता आंतोनेली याच्या आराखड्यानुसार तटबंदीचे काम सुरू झाले. तट पुढे दोन शतके वाढत राहिला. त्याचे दगड वाहिले ते मुख्यतः गुलामांनी. १६४० मध्ये बोकाग्रांदेत जहाजे रुतून बुडाली, त्यांच्याभोवती वाळू साचत गेली आणि ती वाट बंद पडली. मग बोकाचिकावर सान लुइस किल्ला उभा राहिला, तर शहराजवळच्या सान लाझारो टेकडीवर सान फेलिपे दे बाराहास. तरीही १६९७ मध्ये फ्रेंच सेनानी पॉइंतीस याने शहर जिंकून लुटलेच. लुटीचा ठरलेला वाटा न मिळाल्याने चिडलेले त्याचे चाचे साथीदार मागे फिरले आणि त्यांनी शहर पुन्हा लुटले. तटाचे दगड कितीही जाड असले, तरी आत पुरेशी शिबंदी नसेल तर उपयोग नाही, हे त्या वर्षी दिसले.

८ जून १७०८ रोजी चार्ल्स वेजरच्या इंग्रज जहाजांशी लढताना सोन्या-चांदीने भरलेले ‘सान होसे’ हे गलबत शहराजवळच्या समुद्रात बुडाले. त्यावर सुमारे ६०० माणसे होती. वाचली ती मोजकीच. त्याचे अवशेष सापडल्याची घोषणा कोलंबियाने २०१५ मध्ये केली.

१७४१ चा वेढा सर्वांत प्रसिद्ध आहे. ब्रिटिश ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन सुमारे १८० जहाजे आणि वीस हजारांवर माणसे घेऊन मार्चमध्ये आला. स्पेनकडे होती सहा युद्धनौका आणि तीनेक हजार माणसे. नौसेनापती ब्लास दे लेसो याने आधीच्या लढायांत एक पाय आणि एक डोळा गमावला होता, एक हातही निकामी झाला होता. व्हाइसरॉय सेबास्तियान दे एस्लाव्हाशी त्याचे पटत नव्हते. बोकाचिकाचा सान लुइस किल्ला पडला. वाट अडवण्यासाठी लेसोने आपलीच जहाजे बुडवायला लावली. एवढ्यावर व्हर्ननने विजयाची बातमी लंडनला धाडली आणि लेसो गुडघे टेकून शरण येत असल्याची पदके तेथे पाडली गेली. प्रत्यक्षात २० एप्रिलचा सान फेलिपेवरील हल्ला फसला. शिड्या तटाच्या माथ्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्यात पावसाळा तोंडावर आला आणि पीतज्वराने इंग्रज फौज आडवी केली. मे महिन्यात व्हर्नन निघून गेला. स्पॅनिश कथनात सारे श्रेय लेसोला मिळते. तापाचा वाटा त्याहून कमी नव्हता. लेसो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. या मोहिमेत लॉरेन्स वॉशिंग्टन होता. व्हर्ननच्या नावावरून त्याने आपल्या मळ्याला ‘माउंट व्हर्नन’ नाव दिले. पुढे तेथे त्याचा सावत्र भाऊ जॉर्ज वॉशिंग्टन राहिला.

पुढे समुद्राने बोकाग्रांदेची वाट पुन्हा उघडली. तेव्हा अभियंता आंतोनियो दे आरेव्हालो याने १७७० च्या दशकात तेथे पाण्याखाली दगडी बांध घातला. तो आजही आहे, आणि मोठी जहाजे अजून बोकाचिकातूनच ये-जा करतात.

११ नोव्हेंबर १८११ रोजी शहराने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले. परकीयांविरुद्ध स्पेनने बांधलेला तट आता स्पेनच्याच आड आला. स्पॅनिश सेनापती पाब्लो मोरियोने १८१५ मध्ये हल्ल्याऐवजी उपासमारीचा मार्ग धरला. शंभरावर दिवसांच्या वेढ्यात सुमारे सहा हजार लोक भूक व रोगराईने मेले आणि ६ डिसेंबरला मोरियो आत आला. पुढच्या फेब्रुवारीत शहरातील नऊ पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ‘वीरनगरी’ हे बिरुद त्या वेढ्यातूनच आले.

स्पेनची सत्ता हटली ती १८२१ मध्ये. २४ जूनच्या रात्री होसे प्रुदेन्सियो पादिया याने उपसागरात शिरून स्पॅनिश जहाजे पळवली. ऑक्टोबरमध्ये शहर शरण आले. ट्रफाल्गरला स्पॅनिश नौदलात लढलेला हा मिश्रवर्णीय खलाशी पुढे ॲडमिरल झाला. १८२८ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार याच्याविरुद्ध कटाच्या आरोपावरून त्याला बोगोतात मृत्युदंड देण्यात आला. कार्ताहेनातील नौदल अधिकारी प्रशिक्षण विद्यालय आज त्याच्याच नावाने चालते. त्याच्याच नावाची ‘आल्मिरांते पादिया’ ही फ्रिगेट १९५० मध्ये येथून कोरियन युद्धासाठी निघाली. त्या युद्धात सैन्य पाठवणारा कोलंबिया हा एकमेव लॅटिन अमेरिकी देश होता.