टोमॅटोची बाटली आणि आईचं 'तसं असतं'

गेल्या खेपेस लोणच्यांविषयी बोलून झाल्यावर एका भगिनींनी विचारलं, "आणि टोमॅटोचं काय?" प्रश्न साधा, पण आम्ही अडकलो. आपल्याकडे आंबट टिकवण्याची रीत फार जुनी आहे. चिंचेला मीठ लावून तिचे गोळे बरणीत जातात, कोकमाची सालं त्याच्याच रसात भिजवून उन्हात सुकवली की आमसुलं होतात. टोमॅटोची मात्र अशी पणजीपासून चालत आलेली रीत आमच्या घरात तरी नव्हती.

एक तर तो पाहुणा. अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेला. विदर्भात त्याला भेदरं म्हणतात, बंगालीत तर चक्क विलायती वांगं. जुन्या वळणाच्या घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला तो अजून चालत नाही. दुसरं असं की त्यात शेकडा ९४-९५ भाग पाणी. ठाण्याच्या दमट हवेत गच्चीवर घातला तर वाळण्याआधी बुरशी धरणार. त्यामुळे तो टिकवायचा तर बाटली हवी, आणि बाटलीची विद्या बाहेरून आली.

ती विद्या फ्रान्समधल्या निकोला अपेर या मिठाईवाल्याची. बाटलीत अन्न भरायचं, घट्ट बूच मारायचं आणि बाटलीच उकळायची. १८१० मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. अन्न का टिकतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. सूक्ष्मजीवांचं कारण पाश्चरने सांगितलं ते सुमारे अर्ध्या शतकानंतर. इतकी वर्षं माणसांना ते करता येत होतं, समजावता येत नव्हतं. याला ज्ञान म्हणायचं की नाही? वर्गात आम्ही 'नाही'कडे झुकायचो.

आता टेंभी नाक्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत येऊ. आई महिला मंडळाच्या वर्गात सॉस शिकली होती. जानेवारीत जांभळी नाक्यावर टोमॅटो उतरला की संध्याकाळची शेवटची पाटी घासाघीस करून आणायची. बाटलीवाल्याकडून बिअरच्या बाटल्या घ्यायची, आणि त्या वाळत घातल्या की चाळीत आमच्या वडिलांची चौकशी व्हायची! गर गाळून घ्यायचा. कांदा, लसूण, लवंग, दालचिनी, मिरची यांची पुरचुंडी त्यात सोडायची. साखर तिसरा हिस्सा आधी, बाकीची शेवटी. मीठही शेवटीच, रंग राहावा म्हणून. थेंब बशीत टाकून कडेला पाणी सुटत नाही ना ते बघायचं. मग ॲसेटिक ॲसिड, चिमूटभर सोडियम बेंझोएट, उकळलेली बुचं, वरून मेणबत्तीचं मेण. भरलेल्या बाटल्या पुन्हा अर्धा तास पाण्यात, तळाशी फडकं घालून.

आम्ही तेव्हा पीएचडी करत होतो. एका वर्षी विचारलं, "बेंझोएट कशाला? विष ते. आणि बुचं धुतलेली असताना उकळायची का?" आई म्हणाली, "तसं असतं." आम्हाला हे उत्तर वाटलं नाही. कारण सांगता येत नाही तर ते सोडून द्यावं, असा आमचा निवाडा. तिने वाद घातला नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी माळ्यावर फटाका वाजावा तसा आवाज झाला. सात बाटल्यांची बुचं उडाली होती, सॉस फसफसून भिंतीवर. आई बादली घेऊन आली आणि भिंत पुसू लागली. "मी म्हटलं नव्हतं का" हे तिने त्या दिवशीही म्हटलं नाही आणि नंतरही नाही.

बेंझोएटचं पुढे वाचलं. १९५५ च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरखाली सॉसमध्ये बेंझोइक आम्लाची मर्यादा होती किलोला ७५० मिलिग्रॅम. आंबट पदार्थात तेवढ्यानेही यीस्ट आणि बुरशी दबते. आईची चिमूट वर्गात मोजून दाखवलेली होती. तिच्यामागे प्रयोगशाळा उभी होती, फक्त आईला तिचा पत्ता माहीत नव्हता.

आई गेल्यावर डब्यात वर्गातलं ते कार्ड सापडलं. पुढच्या बाजूला छापील प्रमाणं. मागे तिच्या अक्षरात एवढंच, "बुचं वेगळी उकळणे. विसरू नये." खाली आमच्या त्या वर्षाची तारीख.