ज्वारीचा खटला आणि कायद्यांची विसंगती

संघराज्याची घडण समजून घ्यायची, तर सत्तावाटपाच्या सूची पाठ करून भागत नाही. एकाच विषयावर दोन विधिमंडळांनी भिन्न कायदे केले, तर नागरिकाने कोणता पाळावा, या प्रश्नापाशी त्या घडणीची खरी परीक्षा होते. भारतीय संविधानाने समवर्ती सूची मान्य करतानाच हा संघर्ष गृहीत धरला आणि कलम २५४ मध्ये त्यावर तोडगा दिला. संसदेचा कायदा श्रेष्ठ. मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता तो वरचढ. या अपवादालाही परंतुक आहे : संसद त्याच बाबीवर पुन्हा कायदा करू शकते. या रचनेचे मूळ १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम १०७ मध्ये सापडते.

या कोरड्या वाटणाऱ्या तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली उलगडला तो चक्क ज्वारीच्या निमित्ताने. १९४६ च्या जीवनावश्यक वस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. टंचाईच्या त्या काळात मुंबई प्रांताने १९४७ मध्ये ती सात वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी गव्हर्नर जनरलची अनुमती घेतली. पुढे १९५० मध्ये संसदेने शिक्षेचे मूळ कलमच नव्याने लिहिले. १९५१ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्यातील मांडवी येथे परवान्याविना ज्वारी नेल्याबद्दल एकास शिक्षा झाली. त्याचा युक्तिवाद मोठा विलक्षण होता. आपल्याला कठोर असा प्रांतिक कायदाच लागू आहे, असे तो म्हणत होता! कारण सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा चालवण्याचा अधिकार त्या दंडाधिकाऱ्यास नव्हता. म्हणजे सारा खटलाच निरर्थक ठरला असता.

न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी हा युक्तिवाद फेटाळला. वाढीव शिक्षा हा स्वतंत्र विषय नव्हे. गुन्हा तोच, शिक्षेचा विषयही तोच, आणि १९५० च्या कायद्याने त्याचा समग्र विचार केला आहे. म्हणून मुंबईच्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख नसतानाही तो गर्भितपणे रद्द झाला. अपील फेटाळले गेले.

साहित्याच्या अभ्यासकांना यात एक ओळखीचा प्रश्न दिसावा, असे आम्हांस वाटते. दोन संहितांतील विरोध शब्दांच्या पातळीवर शोधायचा, की दोहोंनी व्यापलेल्या आशयाच्या? न्यायालयाने आशय पाहिला. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळता येतात काय, एवढाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर कदाचित निराळे आले असते. कारण परवान्याविना धान्य न नेणारा मनुष्य दोन्ही कायदे पाळतच होता.

पण या वाचनाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या मुलखातील टंचाईत धान्याचा गुन्हा किती गंभीर मानावा, हा एका प्रांताचा विचारपूर्वक निर्णय होता. रीतसर अनुमतीने तो केंद्राच्या कायद्यावर वरचढ ठरला होता. तो तीन वर्षांत मावळला, आणि तोही नामोल्लेखाविना. एका गुन्ह्यास एकच शिक्षा, ही निश्चिती नागरिकास मिळाली, हे खरे. तथापि राज्याला लाभलेले वेगळेपण हे संसद पुन्हा बोलेपर्यंतचेच असते, हेही त्याच निकालाने सांगितले. आपल्या संघराज्याचा कल कोणीकडे आहे, हे जाणण्यास एवढा एक खटला आम्हांस पुरेसा वाटतो.