अल्पकर्बोदक आहार (वऱ्हाडच्या संदर्भात)

वजन घटवण्यासाठी धान्य, साखर व कंदमुळे कमी करून प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ वाढवणारी आहारपद्धती. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेला आहार या वर्गात धरतात. २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरल्यास त्याला कीटो म्हणतात.

पूर्वपीठिका : लंडनच्या विल्यम बँटिंगची पुस्तिका १८६३ ची, अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक १९७२ चे. विदर्भात काटोल परिसरातील डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी इन्सुलिन कमी वेळा स्रवावे म्हणून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोचवला. त्यात गोड वर्ज्य असले तरी मुख्य भर जेवणाच्या वेळांवर असल्याने ही पद्धत काटेकोर अर्थाने या वर्गात बसत नाही.

वऱ्हाडी ताट : ज्वारी खाल्ली की कर्बोदके आपोआप कमी होतात, हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठात ६४, तांदळात ७८, तूरडाळीत ५५ आणि हरभराडाळीत ४७. प्रत्येकी पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी दोन्ही वेळा घेतल्या, तर वरण वाढण्याआधीच १३६ ग्रॅम होतात. ज्वारीचे मोल तिच्या तंतूंत आहे : १०० ग्रॅममध्ये सुमारे १०, तांदळात ३ च्या आत. चून-भाकरीत एक भाकर कमी करून चून (बेसनाचे पिठले), अंबाडीची भाजी व ताक वाढवणे, हा इथला सोपा बदल होय. अकोला-अमरावतीच्या शेतांत मुबलक पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने व अवघी १० ग्रॅम कर्बोदके असतात. पण ते स्वयंपाकघरात क्वचितच येते, बाजार समितीतून तेल गिरणीत जाते.

फायदे : प्रथिनांमुळे भूक आवरते, जेवणानंतरची साखर व रक्तातील ट्रायग्लिसराइड उतरतात. पहिल्या आठवड्यातील घट बरीचशी पाण्याची असते, कारण ग्लायकोजेन (शरीरातील कर्बोदकांचा साठा) संपताना त्याला धरून असलेले पाणीही जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६०९ जणांच्या चाचणीत वर्षाअखेर या आहाराने सरासरी ६ किलो, तर अल्पस्निग्ध आहाराने ५.३ किलो वजन घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता.

धोके : बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, काहींच्या बाबतीत एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये वाढ. सुरुवातीला पाणी व मीठ जास्त बाहेर पडत असल्याने अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, विशेषतः शेतात राबणाऱ्यांनी, कीटो सुरू करू नये. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते; ग्लिफ्लोझिन गटातील औषधांबरोबर रक्त आम्लधर्मी होण्याचा (कीटोअ‍ॅसिडोसिस) धोका असतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना.

मेळघाट : धारणी-चिखलदऱ्यातील कुपोषित कुटुंबांना हा आहार लागू नाही.

निष्कर्ष : वर्षभर पाळता येईल तोच आहार उपयोगी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. गर्भवती व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हा आहार स्वतःहून सुरू करू नये.