वाट अडली, आता दार कुठलं ठोठवायचं?

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेचं वळण जाता जात नाही) भावकीतली भांडणं बहुतेक दोन गोष्टींवरून होतात: पाणी आणि वाट. "दादा, बांधावर काट्या टाकल्यात, ट्रॅक्टर जाईना, केस कुठं टाकू?" हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. आणि मंडळी, गंमत म्हणजे या एका प्रश्नाला कायद्यात तीन दारं आहेत. तिन्ही वेगवेगळ्या काळात बांधलेली.

पहिलं दार मामलेदाराचं. दिवाणी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पेरणी थांबत नाही, हे इंग्रजांच्या लवकर ध्यानात आलं होतं. म्हणून १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात मामलेदारांना ताब्याच्या तंट्यात निवाडा करायचा अधिकार मिळाला. मग १८७६ चा कायदा आला आणि शेवटी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. तो आजही चालू आहे! मामलेदाराचा तहसीलदार झाला, पण कायद्याचं नाव तेच राहिलं. त्याचं कलम ५ फक्त एवढंच विचारतं: वहिवाटीची वाट होती का, आणि ती कायद्याला सोडून कुणी अडवली का? मालकी कुणाची, या खोलात ते शिरत नाही. म्हणूनच ते झटपट. पण अट कडक आहे. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत दावा हवा. निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे रिव्हिजन तेवढी होते. आणि हा निकालही कायमचा नव्हे. दिवाणी कोर्टाने उद्या वेगळं ठरवलं, तर तेच चालणार.

दुसरं दार जमीन महसूल संहितेचं. ती १९६६ ची, कलम १४३. बसलेला माणूस तोच, तहसीलदार, पण प्रश्न वेगळा. इथे वाट आधी होती की नाही हा मुद्दाच नाही. शेतात जायला वाजवी वाट हवी आहे, ती दुसऱ्याच्या बांधावरून मिळावी, एवढीच मागणी. शेतकऱ्याची गरज बघून तहसीलदार ठरवतो. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, किंवा अपील न करता एका वर्षात दिवाणी दावा.

आता बघा, "आमची जुनी वाट अडवली" आणि "आम्हाला वाटच नाही, द्या" ही दोन वाक्यं एकाच अर्जात लिहिली तर काय होईल? समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. पुष्कळ लोक दोन्ही कलमं एकत्र ठोकून देतात, तारखांवर तारखा पडतात आणि तोवर सहा महिने उलटतात. मग पहिलं दार बंद.

तिसरं दार दिवाणी कोर्टाचं. त्यामागे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. २० वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, खंड न पडता वाट वापरली असेल तर कायमचा हक्क मिळतो. मात्र ती २० वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली असली पाहिजेत. म्हणजे वाट सोडून देऊन "बघू पुढे" म्हणत बसलात की हक्क निसटलाच. शिवाय "जा रे बाबा माझ्या शेतातून" अशी परवानगी घेऊन गेलात, तर ते हक्कात धरत नाहीत. वाटणीत मागचा तुकडा ज्याच्या वाट्याला आला आणि दुसरी वाटच नाही, त्याच्यासाठी मात्र गरजेचा हक्क याच कायद्यात आहे.

नागापूरचं उदाहरण घ्या. मनमाड रस्त्याला लागून असलेलं हे गाव, आता नगर म्हटलं की एमआयडीसीसाठी आठवतं. शेताजवळ कारखाने आले, प्लॉट पडले. मामलेदार कायद्यातली वाट मात्र शेती, चराई, झाडं, पीक असल्या जमिनीकडे जाणारी. जिथे शेताची शेड झाली, तिथे पहिल्या दाराशी जाण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारलेला बरा. वाट तीच असते हो, पण ती कुठे जाते यावर दार बदलतं.

मला वाटतं, आपल्याकडे लोक आधी वकील शोधतात, मग कलम, आणि वाट कधी अडली ती तारीख सगळ्यात शेवटी आठवतात. खरा क्रम उलटा हवा. तारीख, जमिनीचा वापर, वाट होती की हवी आहे, आणि मग दार. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कात घ्यायला सांगितलं. ती नोंद झाली, तर "वाट होतीच कुठे?" या सवालाला नातवंडांना साक्षीदार गोळा करत हिंडावं लागणार नाही. तेव्हा एवढं करा, सात-बारा काढून इतर हक्काचा रकाना एकदा वाचा. भांडण नसताना वाचा, हे महत्त्वाचं.